घरातले हत्यार आणि घरातला अबोला

फेब्रुवारी २०२४ चा दुसरा आठवडा उजाडण्यापूर्वीच महाराष्ट्रात बंदुकीचा प्रश्न ऐरणीवर आला होता. २ तारखेला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यातच एका विद्यमान आमदाराने राजकीय प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्या. ७ तारखेला आपल्या खानदेशात, चाळीसगाव शहरात, माजी नगरसेवक महेंद्र मोरे यांच्या कार्यालयात शिरून तोंड झाकलेल्या हल्लेखोरांनी त्यांच्यावर गोळीबार केला. काही दिवसांनी नाशिक येथे उपचार चालू असताना त्यांचे निधन झाले. ८ तारखेला मुंबईत दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपण चालू असतानाच झाला.

त्यानंतर बरीच चर्चा झाली. पोलीस काय करतात, परवाने कोणाला मिळतात, गुंडांना पाठीशी कोण घालते, असे प्रश्न विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत विचारले गेले, आणि ते रास्तच होते. परंतु ह्या सर्व चर्चेत बंदूक रस्त्यावर, कार्यालयात आणि राजकारणात पाहिली गेली. ती घरात असते, घरच्या कपाटात असते, आणि कधीकधी घरच्याच माणसावर रोखली जाते, ह्याकडे फारसे कोणी वळले नाही. ज्या घटनांनी समाजाचे काळीज सर्वांत अधिक हादरते, म्हणजे पोटच्या मुलाने जन्मदात्यांचा जीव घेणे किंवा पित्याने लेकीवर गोळी झाडणे, त्या घटनांच्या संदर्भात हत्याराचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

घरच्या बंदुकीचे बळी

अगदी जवळच्या घटनेपासून सुरुवात करू. २६ एप्रिल २०२५ रोजी आपल्या जळगाव जिल्ह्यातील चोपडा येथे हळदीचा कार्यक्रम चालू होता. केंद्रीय राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेल्या एका पित्याने तेथे येऊन स्वतःच्या मुलीवर आणि जावयावर गोळ्या झाडल्या. मुलगी जागीच गेली, जावई गंभीर जखमी झाला. मुलीने स्वतःच्या पसंतीने विवाह केला होता, हा पित्याचा राग होता. त्याच वर्षी १० जुलै रोजी हरियाणातील गुरुग्राम येथे टेनिसपटू राधिका यादव हिचा बळी गेला. स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरने तिला मारल्याचा आरोप तिच्या पित्यावर आहे.

आता ह्याच्या उलट बाजूच्या घटना पाहू. जून २०२२ मध्ये लखनौ येथे एका सोळा वर्षांच्या मुलाने आईला गोळी घातल्याचे उघडकीस आले. वडील सैन्यात, नोकरीनिमित्त दूर. पिस्तूल वडिलांचे, परवान्याचे, घरात ठेवलेले. मोबाइलवरील खेळावरून आई रागावत असे, असे कारण तेव्हा पोलिसांनी सांगितले. छत्तीसगडमधील दुर्ग येथे १ जानेवारी २०१८ रोजी पहाटे एका प्रतिष्ठित व्यापारी घरातील वृद्ध दांपत्याची हत्या झाली. न्यायालयाने त्यांच्या मुलास २०२३ मध्ये दोषी ठरविले. तेथील हत्यार विनापरवाना होते, आणि ते पुरविणाऱ्यांनाही शिक्षा झाली.

महाराष्ट्र ज्या घटनेने सुन्न झाला ती भावाभावांतील होती. २२ एप्रिल २००६ रोजी मुंबईत वरळी येथील राहत्या घरी प्रमोद महाजन यांच्यावर त्यांचे धाकटे बंधू प्रवीण यांनी परवान्याच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या आणि नंतर ते स्वतः पोलीस ठाण्यात हजर झाले. प्रमोदजींनी बारा दिवस मृत्यूशी झुंज दिली. ३ मे रोजी त्यांचे निधन झाले. प्रवीण यांना २००७ मध्ये जन्मठेप झाली आणि २०१० मध्ये तेही गेले. एकाच आईच्या दोन मुलांचा असा शेवट झाला.

ह्या घटनांची कारणे वेगवेगळी आहेत. लग्न, अभ्यास, मालमत्ता, मानापमान. पण एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. माणूस बंदुकीचा परवाना मागतो तेव्हा अर्जात बाहेरच्या शत्रूचे कारण देतो. चोराची भीती, धंद्यातील वैर, शेतावरचे एकटे घर. वरील घटनांत मात्र बाहेरचा शत्रू कोठेच नव्हता. जे हत्यार घराच्या रक्षणासाठी आणले गेले, तेच घरातल्या माणसावर उलटले.

बंदूक नसती तर?

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. मारायचेच ठरविलेल्या माणसाला बंदूक कशाला हवी? ऑगस्ट २०१७ मध्ये कोल्हापूर येथे दारूसाठी पैसे दिले नाहीत म्हणून मुलाने वृद्ध आईची अत्यंत क्रूरपणे हत्या केली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची फाशीची शिक्षा १ ऑक्टोबर २०२४ रोजी कायम केली. तेथे बंदूक नव्हती. त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर नागपूर येथे आईवडील दोघांचीही हत्या झाली आणि १ जानेवारी २०२५ रोजी ती उघडकीस आली. अभियांत्रिकीच्या परीक्षेत वर्षानुवर्षे नापास होत असलेल्या तरुण मुलावर आरोप ठेवण्यात आला. शिक्षण बदलण्यावरून घरात वाद होता, असे पोलिसांनी सांगितले. तेथेही बंदूक नव्हती. आपल्या महाराष्ट्रात अशा बहुतेक बातम्यांत हाती लागेल ते हत्यार असते: कोयता, कुऱ्हाड, काठी, पाटा-वरवंटा.

म्हणून बंदूक हे ह्या पापाचे कारण आहे, असे आम्ही म्हणत नाही. द्वेष आधी मनात शिरतो, हत्यार नंतर हातात येते. परंतु बंदूक तीन गोष्टी हिरावून घेते, हे नाकारता येणार नाही. पहिली गोष्ट वेळ. हाताने मारणाऱ्याला काही क्षण तरी समोरच्याचा चेहरा दिसतो, किंकाळी ऐकू येते, शेजारी धावून येतात, हात थांबू शकतो. बंदुकीचा चाप ओढायला निमिष पुरते, आणि पश्चात्ताप त्या निमिषानंतरच सुरू होतो. दुसरी गोष्ट बळाचा फरक. सोळा वर्षांचा मुलगा आणि धडधाकट प्रौढ माणूस ह्यांच्यात जे अंतर निसर्गाने ठेवले आहे ते बंदूक पुसून टाकते. तिसरी गोष्ट जगण्याची संधी. काठीचा घाव बसलेला माणूस इस्पितळात पोहोचण्याची जी आशा असते, ती जवळून झाडलेल्या गोळीनंतर फारच थोडी उरते. घरातील भांडण कितीही मोठे असले तरी दुसऱ्या दिवशी माफी मागता येते, ती माफी मागण्यासाठी दोघेही जिवंत असले तर.

मुले ह्या टोकाला का जातात?

अमेरिकेतील गुन्हेशास्त्राच्या अभ्यासक कॅथलीन हाइड यांनी आईवडिलांचा जीव घेणाऱ्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांनी अशा मुलांचे मुख्यतः तीन गट सांगितले. पहिला गट घरातच दीर्घकाळ छळ सोसलेल्या मुलांचा, ज्यांना सुटकेचा दुसरा मार्ग दिसत नाही. दुसरा गट गंभीर मानसिक आजार जडलेल्यांचा. तिसरा गट स्वार्थासाठी, पैशासाठी किंवा मोकळीक मिळावी म्हणून मारणाऱ्यांचा. वृत्तपत्रे बहुधा तिसऱ्याच गटाची भाषा बोलतात: कृतघ्न, नराधम, कलियुग. पहिल्या दोन गटांकडे पाहायला वेळ आणि धैर्य लागते, कारण तेथे आपल्या घरांची आणि आपल्या शेजारधर्माची झडती होते.

आपल्याकडील घरांचा विचार केला तर त्यात आणखी काही गोष्टी मिळवाव्या लागतात. दारू ही त्यांतील पहिली. दारूसाठी म्हाताऱ्या आईच्या पेन्शनवर आणि जमिनीच्या तुकड्यावर डोळा ठेवणारे मुलगे आपल्या गावांत नाहीत, असे कोण म्हणेल? दुसरी गोष्ट अपेक्षांचे ओझे. कापसाच्या आणि केळीच्या पैशांतून, कर्ज काढून, मुलाला पुण्याला किंवा नाशिकला शिकायला पाठविले जाते. मुलगा नापास होतो आणि ते घरी सांगू शकत नाही. खोटे निकाल, खोटी कारणे आणि मग खोटेच आयुष्य सुरू होते. तिसरी गोष्ट मानसिक आजार लपविण्याची आपली रीत. मुलगा स्वतःशी बोलू लागला, रात्र-रात्र जागू लागला, आईवरच संशय घेऊ लागला, तर डॉक्टरांऐवजी भगताकडे नेले जाते, किंवा कोणाला कळू नये म्हणून घरातच कोंडले जाते.

अशा घटना समाजात अपवादानेच घडतात, हेही ध्यानात ठेवावे. भांडणाऱ्या प्रत्येक मुलाकडे संशयाने पाहणे हा अन्यायच ठरेल. परंतु घरातील अबोला महिनोन्महिने चालला आहे, धमक्या उघडपणे दिल्या जात आहेत, आणि त्याच घरात भरलेले हत्यार आहे, असे जेथे असेल तेथे अपवाद म्हणून स्वस्थ बसणे परवडणारे नाही.

अमेरिकेचा वाद आणि आपला

बंदुकीच्या वादाचे नाव काढताच अमेरिकेचा दाखला दिला जातो. तेथे शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने १७९१ पासून मान्य केला आहे. मे १९९८ मध्ये ऑरेगन राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे एका पंधरा वर्षांच्या मुलाने आधी आईवडिलांना मारले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन दोन विद्यार्थ्यांचा बळी घेतला. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यात सँडी हूक येथील शाळेत वीस लहान मुले आणि सहा प्रौढ मारले गेले. त्या दिवशीचा पहिला बळी मारेकऱ्याची आई होती, आणि बंदुका तिच्याच, कायदेशीररीत्या विकत घेतलेल्या होत्या.

ह्या वादात अलीकडे एक महत्त्वाचे पाऊल पडले. मिशिगन राज्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेत चार विद्यार्थ्यांना मारले. पिस्तूल वडिलांनी काही दिवसांपूर्वीच आणून दिले होते. मुलाचे मन बिघडल्याच्या खुणा दिसत असताना हत्यार मोकळे ठेवले, म्हणून ६ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयात आईला आणि मार्च महिन्यात वडिलांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरविण्यात आले. आईविरुद्धचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी चाळीसगावात गोळ्या झाडल्या गेल्या. दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण हत्यार ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची, हा त्या निकालातील विचार आपणही घ्यावा असा आहे.

आपल्या देशाची वाट वेगळी आहे. इंग्रज सरकारने १८७८ च्या कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले, त्याचा सल मोठा होता. म्हणून १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काची मागणी होती. परंतु स्वतंत्र भारताची घटना घडत असताना, डिसेंबर १९४८ मध्ये, हरि विष्णु कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि सभेने ती स्वीकारली नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना हा हक्क नसून सरकारने दिलेली सवलत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली, आणि बेकायदा शस्त्रे बनविणाऱ्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हाही अमेरिकेप्रमाणे येथे शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही, हे स्पष्ट केले.

म्हणजे हक्काचा वाद आपण फार पूर्वी सोडविला आहे. आपल्यापुढील प्रश्न दोन आहेत. परवान्याची बंदूक घरात कशी राहते, हा एक. आणि विनापरवान्याची बंदूक मिळते कशी, हा दुसरा.

सातपुड्यापलीकडचा कट्टा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर खानदेशाला शेजारीच सापडते. चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी हे गाव आहे. तेथे बनलेले गावठी कट्टे आणि पिस्तुले जळगाव, धुळे, पुणे अशी कोठकोठे पकडली जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये शस्त्रविक्रेत्याला पकडण्यासाठी गेलेल्या चोपड्याच्या पोलीस पथकावर जमावाने हल्ला केला आणि एका पोलीस कर्मचाऱ्याला धरून नेले. नंतर त्याची सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी तेथे जाऊन शस्त्रे बनविण्याच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या.

अशा कारवाया आवश्यकच आहेत. तथापि लोखंड घडविण्याची पिढीजात कला ज्यांच्या हाती आहे, त्या कुटुंबांना त्याच कलेवर सन्मानाने पोट भरण्याचा दुसरा मार्ग मिळाला नाही, तर मोडलेली भट्टी पुन्हा पेटते. शेतीची अवजारे, कुलपे, फाटके ही त्यांच्या हातून घडू शकतात. आणि मागणी आपल्या बाजूची आहे, हेही विसरता येत नाही. वाढदिवसाच्या फलकावर दादा म्हणून मिरवण्याची हौस, मोबाइलवर कट्ट्यासह काढलेले छायाचित्र आणि त्याला मिळणारी वाहवा, ह्या गोष्टी आपल्याच गल्ल्यांत पिकतात. मुलाच्या कमरेला काय आहे हे आईला ठाऊक असते, पण बोलायची सोय नसते, अशीही घरे असतात.

काय करता येईल?

निवडणुका जाहीर झाल्या की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात, हे आपण सर्व जाणतो. तापलेले वातावरण आणि हाताशी असलेली बंदूक एकत्र नसावीत, हा त्यामागील शहाणपणा. हेच शहाणपण घरालाही लागू का करू नये? घरात मालमत्तेचा दावा चालू आहे, मुलीच्या लग्नावरून तेढ आहे, कोणी व्यसनाच्या आहारी गेला आहे, कोणाचे मन आजारी आहे, अशा काळात परवानाधारकाने स्वतःहून हत्यार पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे. त्यात कमीपणा नाही. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना स्थगित वा रद्द करण्याचा अधिकार कायद्याच्या सतराव्या कलमाने अधिकाऱ्यांना दिलेला आहे. घरच्या माणसांनी तक्रार केली तर तिची दखल त्याच गांभीर्याने घेतली जावी.

परवाना देण्यापूर्वी पोलीस चौकशी होते. पण ती बहुधा अर्जदाराची होते, त्याच्या घराची होत नाही. कॅनडात अर्जदाराच्या पतीला वा पत्नीला अर्जाची माहिती असावी लागते. आपल्याकडेही पत्नीला, वृद्ध आईवडिलांना आणि सज्ञान मुलांना एकांतात विचारले जावे, की हे हत्यार घरात आले तर तुम्हांला अधिक सुरक्षित वाटेल की अधिक भीती वाटेल? ह्या एका प्रश्नाचे उत्तर अनेक दाखल्यांपेक्षा मोलाचे ठरेल, असे आम्हांला वाटते.

कायद्याच्या आधी मदतीचे हात आहेत, ते माहीत असावेत. संकटातील मुलांसाठी १०९८, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, ज्येष्ठांसाठी १४५६७ हे दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत. मुलाकडून छळ होत असलेल्या वृद्ध आईवडिलांना २००७ च्या कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मुलाविरुद्ध तक्रार करणे हे आईपणाला लांछन आहे, ही समजूत सोडली पाहिजे. वेळेवर केलेली तक्रार आईचा जीव वाचविते, तशीच ती मुलालाही खुनी होण्यापासून वाचविते.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबभेटींनाही येथे काम आहे. धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक कार्यकर्ते घरी जातात तेव्हा आशीर्वाद आणि चहापाणी होते. त्या घरातील मुलगा गेले सहा महिने बापाशी बोललेला नाही, हे मात्र समजत नाही. ते समजून घेण्याइतका वेळ त्या भेटीला द्यावा.

पवित्र शास्त्रातील दावीद राजाची कथा आपण जाणतो. अबशालोमाने भावाचा खून केला आणि परागंदा झाला. पुढे त्याला यरुशलेमेत परत आणले गेले. पण दोन वर्षे तो एकाच नगरात राहूनही बापाने त्याला तोंड दाखविले नाही. त्यानंतर तो मुलगा बापाच्याच जिवावर उठला. शेवटी मुलगा मारला गेला तेव्हा दाविदाने केलेला आकांत साऱ्या नगराने ऐकला. तो आकांत खरा होता, परंतु ऐकायला अबशालोम उरला नव्हता.

दहा आज्ञांत आईबापांचा मान राखण्याची आज्ञा चौथी आणि खून न करण्याची आज्ञा पाचवी आहे. त्या एकमेकींच्या शेजारी आहेत. मान राखण्याची शिकवण मुलांना देताना, मुलांना चीड आणू नका असे संत पौलाने बापांनाही बजावले आहे, हे आपण सोयीने विसरतो. ज्या घरात हत्यार आहे त्या घराने ते आज कोठे आहे, भरलेले आहे की रिकामे, किल्ली कोणाकडे आहे, हे पाहावे. आणि हत्यार असो वा नसो, ज्या घरात बोलणे थांबले आहे तेथे आईबापांनी पहिला शब्द उच्चारावा. तो उच्चारायला उद्याची वाट पाहू नये.